फेरीला आलो नाही, म्हणून हे पत्र

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातले रस्ते, गाड्या आणि गाडीवाले यांच्याबाबत निर्णय घेणारे सर्व अधिकारी व पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

जानेवारीतल्या रस्ता सुरक्षा अभियानाच्या मोटारसायकल फेरीत यंदा मी नव्हतो. माझ्याबरोबर दरवर्षी येणाऱ्या चाळीसेक गाड्याही नव्हत्या. आठ दिवस आधी रीतसर फोन आला होता. ‘यंदा बुलेटवाले जरा जास्त आणा, फोटो चांगला येतो.’ बघतो म्हणालो आणि आलो नाही. ‘तुमचा गट कुठं गेला?’ असं नंतर दोघातिघांनी विचारलं. तोंडी उत्तर देत बसलो असतो तर चहा गार झाला असता, म्हणून लिहून काढतोय. आणि सगळ्यांसमोर लिहितोय, कारण याआधी बंद पाकिटातून दिलेल्या अर्जांवर आवक शिक्क्यापलीकडे काही उमटलेलं नाही.

मी उद्यमनगरात लेथ चालवतो. वडिलांची राजदूत होती, तिच्या टाकीवर बसून मी अंबाबाईची किरणोत्सवाची गर्दी बघितलीय. स्वतः गाडी चालवायला लागून अठ्ठावीस वर्षं झाली. रोजची शंभर सीसीची आणि रविवारची साडेतीनशेची, अशा दोन गाड्या दारात आहेत. आमच्या गटाला नाव नाही, बोर्ड नाही. त्यात शेतकरी आहेत, दोन शिक्षक आहेत, एक नर्सताई आहेत, बाकी आम्ही लेथ-फौंड्रीवाले. गगनबावड्याला भजी खायला जाणारे आणि वाटेत कुणाची गाडी बंद पडली तर थांबणारे, एवढीच आमची ओळख. फेरीत सहा वर्षं आलो ते मनापासून आलो. बिनहेल्मेटवाल्याला गुलाबाचं फूल देताना लाजही वाटली नाही.

आता कारण सांगतो.

गेल्या सप्टेंबरात माझा पुतण्या दुसरी पाळी संपवून रात्री साडेअकराला घरी येत होता. शहराबाहेरचा रस्ता. नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की तेवढा एक रस्ता रंगवून विषय मिटवतील. डोक्याला हेल्मेट, आयएसआयचं, मीच घेऊन दिलेलं. खांबावरचे दिवे बंद. आदल्या आठवड्यापर्यंत तिथं काही नव्हतं, आणि त्या रात्री डांबराचा एक काळा ढिगारा रस्त्यावर आडवा पडलेला होता. ना पट्टा, ना पाटी. गाडी उडाली, पोरगं पुढं पंधरा फुटांवर. कॉलरबोन मोडली, हेल्मेटला कानाच्या वर उभी चीर गेली. ती चीर त्याच्या डोक्याला जायची होती, एवढंच. दुधाचा टेम्पो घेऊन चाललेल्या एका माणसानं त्याला उचलून दवाखान्यात आणलं. नाव विचारलं तर म्हणाला, ‘नको दादा, पुन्हा साक्षीला बोलावत्यात.’ गेला.

दवाखान्यात पहिला प्रश्न, ‘डिपॉझिट?’ चौकशीला आलेल्यांचा पहिला प्रश्न, ‘हेल्मेट होतं का?’ दुसरा, ‘लायसन?’ तिसरा, ‘घेतली होती का?’ तिन्ही प्रश्न बरोबरच आहेत, विचारायलाच पाहिजेत. पण ‘हा ब्रेकर कुणी घातला?’ हा चौथा प्रश्न त्या रात्री कुणी विचारला नाही, आणि आजपर्यंत विचारलेला नाही.

मग मी टेप घेऊन गेलो. आमच्या धंद्यात दोन सूत इकडं-तिकडं झालं की जॉब भंगारात जातो, त्यामुळं मोजल्याशिवाय बोलायची सवय नाही. ढिगाऱ्याची उंची सात इंच, रुंदी साडेचार फूट. माझ्या रोजच्या गाडीच्या पोटाखाली जागा साडेसहा इंच आहे. इंडियन रोड्स काँग्रेसचं या कामासाठी ठरलेलं माप आहे, आयआरसी ९९ मध्ये. गोल उंचवट्याची रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर. म्हणजे बारा फूट रुंद आणि चार इंच उंच. ताशी २५ किलोमीटरनं जाणारा माणूस हिसका न बसता पलीकडं जावा, असा त्याचा हिशोब. त्यावर रंगाचे पट्टे आणि चाळीस मीटर अलीकडं पाटी. हे माझ्यासारख्या लेथवाल्याला कळतं. मग ज्यांच्या टेबलावर हे पुस्तक सरकारी खर्चानं येतं त्यांना का कळू नये?

अर्ज घेऊन तीन कार्यालयं फिरलो. पहिल्यात सांगितलं, रस्ता आमचा नाही. दुसऱ्यात सांगितलं, रस्ता आमचा पण ब्रेकर आमचा नाही, गावकऱ्यांनी घातला असंल. तिसऱ्यात अर्ज ठेवून घेतला. चार महिने झाले. शेवटी आमच्या तालमीच्या पोरांनी एका रविवारी चुन्याचे पट्टे मारले. एवढं करून ते चुन्याचे पट्टे बेकायदेशीर आहेत काय, हेही मला ठाऊक नाही. असले तर चलन माझ्या नावावर फाडा.

चलनावरून आठवलं. डिसेंबरात मोबाईलवर पाचशे रुपयांचं ई-चलन आलं. गुन्हा मे महिन्यातला. एका चौकात सिग्नलला स्टॉप लाईन ओलांडली. चलनाबरोबर फोटो होता. तो मी मोठा करून, आडवा करून, चष्मा लावून बघितला. फोटोत मी आहे, गाडी आहे, रस्ता आहे. लाईनच नाही! पुसून गेलीय. जी रेघ फोटोत दिसत नाही, ती ओलांडल्याचा पुरावा म्हणून मला तोच फोटो पाठवला. मी दंड भरला. अ‍ॅपवर तक्रार करून वाट बघण्यापेक्षा पाचशे रुपये स्वस्त पडले. पण भरल्यानंतर बसून मोटार वाहन कायदा वाचायला घेतला, आणि इथं खरी गंमत सुरू झाली.

आजवर मला वाटायचं, हा कायदा आमच्यासाठी आहे. आम्ही काय करायचं, काय नाही, आणि नाही केलं तर किती भरायचे. १९८८ चा कायदा, २०१९ ला मोठी दुरुस्ती झाली, दंड वाढले, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच दुरुस्तीत तुमच्यासाठीही पानं आहेत हो. ती पानं फेरीत कुणी वाचून दाखवत नाही. कलम १९८ ए बघा. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मापदंडाप्रमाणं केली नाही आणि त्यामुळं कुणाचा जीव गेला किंवा कुणी अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला, सल्लागाराला एक लाखापर्यंत दंड. आमच्या १९४ डी बरोबरच, त्याच दुरुस्तीनं आलेलं कलम. हेल्मेट नसलं तर कायद्यात हजार रुपये आणि तीन महिने लायसन बाद, हे आम्हाला तोंडपाठ करून घेतलंत. १९८ ए या जिल्ह्यात आजवर किती वेळा लावलंत, तेवढा एक आकडा जाहीर करा. शून्य असला तरी चालतंय की, पण सांगा.

कॅमेऱ्यांचंही तसंच. केंद्रानं ऑगस्ट २०२१ मध्ये नियम १६७ ए आणला. त्यात लिहिलंय की कॅमेरा प्रमाणित पाहिजे, दरवर्षी प्रमाणपत्र नवं करून घेतलं पाहिजे, जिथं कॅमेरा आहे तिथं लोकांना दिसेल अशी पाटी पाहिजे आणि गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पाठवली पाहिजे. मला मेमधल्या गुन्ह्याची नोटीस डिसेंबरात आली. सात महिन्यांनी माणसाला कसं आठवायचं की त्या दिवशी पुढं ॲम्ब्युलन्सला वाट द्यायला गाडी पुढं घेतली होती की खरंच घाई होती? आम्ही पीयूसीला एक दिवस उशीर केला तर तो गुन्हा. तुमची नोटीस सहा महिने उशिरा आली तर ती ‘तांत्रिक अडचण’.

हेल्मेटबद्दल गैरसमज नको. आमच्या जिल्ह्यात हेल्मेटसक्ती म्हटलं की लगेच मोर्चाची भाषा सुरू होते. मी त्यातला नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची. हेल्मेट न घातलेले ५०,०२९. हे केंद्र सरकारचेच आकडे आहेत. पुतण्याची ती चीर गेलेली टोपी मी दुकानात खिळ्याला टांगून ठेवलीय, येईल त्याला दाखवतो. पेठेतल्या पेठेत दूध आणायला जाताना हेल्मेट कशाला, म्हणणाऱ्याशी मी भांडतो.

पण मग हेल्मेटचाही कायदा पुरा वाचू. नवी दुचाकी विकताना कंपनीनं गिऱ्हाइकाला बीआयएसच्या मापाचं हेल्मेट द्यायचं, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १३८ व्या नियमात आहे. आमच्या गटात गेल्या पाच वर्षांत अकरा नव्या गाड्या आल्या. नऊ जणांना हेल्मेटचे वेगळे पैसे लावले, दोघांना ‘स्कीममध्ये’ म्हणून उपकार केल्यासारखं दिलं. नियमात ते त्यांचं होतंच, हे दोघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. दुसरं, १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्ह नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवायला, साठवायला आणि विकायला बंदी आहे. घालायला नव्हे, विकायला. आणि हमरस्त्याच्या कडेला, झाडाखाली, दोरीवर माळ करून दोनशे रुपयांना हेल्मेटं टांगलेली असतात. खेळण्याच्या प्लॅस्टिकची. नाक्यावर पावती फाडली की माणूस शंभर पावलं मागं जातो, त्यातलं एक घेतो, डोक्यावर ठेवतो आणि सुटतो. पावती फाडणाऱ्याला तो विक्रेता दिसत नाही असं नाही. उलट मोहीम असली की त्याची दोरी लांब होते. एकदा त्या दोरीवर कारवाई करून बघा, पुढच्या फेरीला शंभर बुलेट आणतो.

आता ज्या मुद्द्यावर मला सगळ्यांत जास्त बोलायचंय तो. ऊस.

हंगाम चालू आहे. दिवाळी झाली की आमच्या जिल्ह्यात रात्रीचे रस्ते कारखान्यांचे होतात. ऊस आमचाच आहे, आमच्या गटातल्या निम्म्यांच्या घरचा आहे, त्यामुळं ट्रॅक्टरवाल्याला शिव्या देऊन मोकळं होण्याचा प्रश्नच नाही. त्यालाही दोन खेपा जास्त झाल्या तरच परवडतं. पण चित्र कसं असतं ते फक्त चारचाकीतून फिरणाऱ्यांना कळायचं नाही. तुम्ही मुरगूडकडून नाहीतर राधानगरीकडून रात्री येताय. समोरून येणाऱ्या गाडीचा एलईडी डोळ्यांत. तो गेला की दोन सेकंद पूर्ण काळोख. आणि त्या काळोखात, तुमच्या पुढं, तुमच्याच दिशेनं, एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या चाललेल्या असतात ताशी पंधराच्या वेगानं. मागं दिवा नाही. रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला, नाहीतर वाढ्यांच्या झुबक्याखाली गडप. नंबर नाही. उसाची टोकं ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी हात-दीड हात बाहेर. ट्रॅक्टरवर डेक इतका मोठ्यानं की हॉर्न वाजवून उपयोग नाही. चारचाकीवाल्याच्या दोन दिव्यांत ट्रॉलीची सावली आधी पकडते. आमच्या एका दिव्यात ती पकडेपर्यंत उसाचं कांडं हेल्मेटच्या काचेवर असतं. मी हे दोनदा अनुभवलंय. दुसऱ्या वेळी साईडपट्टीवर गाडी घातली. ती साईडपट्टी रस्त्यापासून वीतभर खाली होती, हा आणखी वेगळा विषय.

यावर दरवर्षी एक कार्यक्रम होतो. कारखान्याच्या आवारात ट्रॉलीला रिफ्लेक्टर चिकटवतानाचा फोटो. पाच-सहा ट्रॉल्या, तीन-चार साहेब. रस्त्यावर ट्रॉल्या हजारोंनी, आणि त्यांच्या मागं पोलीस तरी किती पळवणार? पण प्रत्येक ट्रॉली एका ठिकाणी थांबतेच थांबते. काट्यावर. वजन झाल्याशिवाय कुणी ऊस घेत नाही. मागचा दिवा, रिफ्लेक्टर आणि नंबर नसला तर काटा करायचा नाही, एवढा एक आदेश काढा. त्याला पोलीस लागत नाहीत, निधी लागत नाही. पहिले दोन दिवस ओरडा होईल, तिसऱ्या दिवशी कारखान्याच्या गेटसमोर रिफ्लेक्टर विकणारा बसेल. हे मी फार हुशारीचं सांगत नाही, गेटवर चहा पिणारा कुणीही सांगेल. मग गेल्या इतक्या हंगामांत ते का झालं नाही, याचं उत्तर मला माहीत आहे आणि तुम्हालाही.

(मध्येच एक. २०१७ च्या एप्रिलपासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा दिवसाही आपोआप चालू राहतो, बंद करायचं बटणच नसतं. तो सुरक्षेसाठी आहे. तरीही आजही मिरजकर तिकटीपासून फुलेवाडीपर्यंत मला किमान चार लोक हातानं टिचक्या मारून ‘लाईट, लाईट’ म्हणून खुणावतात. काळजी असते हो लोकांना. दिवसा चालू दिवा दिसतो त्यांना, रात्रीची बिनदिव्याची ट्रॉली सांगायला मात्र तिथं कुणी नसतं.)

आमच्या बाजूचं पापही लपवत नाही. बुलेटचा कंपनीचा सायलेन्सर काढून इंदौरी बसवायचा आणि बिंदू चौकातून फटाके वाजवत जायचं, हे आमच्यातल्याही पोरांनी केलंय. एकानं माझ्याच दुकानात त्याचा पाईप टर्न करून घेतला होता, मीच करून दिला. पुढं सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या दारात एका म्हातारीला दचकून पडताना बघितलं आणि तेव्हापासून तसला जॉब घेत नाही. तुम्ही सायलेन्सर जप्त करता, रोलरखाली चिरडता, त्याला माझी ना नाही. मात्र रोलरखाली जातो तो विकत घेतलेला. ज्या दुकानात तो काचेमागं रांगेनं मांडलेला असतो ते दुकान दुसऱ्या दिवशी चालूच. आणि एक, कारवाईच्या नादात कंपनीचाच सायलेन्सर असलेल्या साध्या गाड्याही अडवल्या जातात, केवळ गाडी बुलेट आहे म्हणून. आवाज मोजायचं यंत्र असतं. आणा की नाक्यावर. कानानं मोजलेला आवाज साहेबागणिक बदलतो.

उलट्या दिशेनं येण्याचंही तसंच. महामार्गाला शिरोलीच्या बाजूला, उचगावच्या बाजूला आमचे लोक चुकीच्या बाजूनं येतात. चूक आहे, जीवघेणी आहे. पण कामावरून सुटलेला माणूस समोर दिसणाऱ्या घरासाठी लांबचा वळसा का घेत नाही, हे दुभाजक आखणाऱ्यानं एकदा शंभर सीसीवर बसून, पावसात, मागं बायको आणि मांडीवर पोर घेऊन बघावं.

बायकोवरून साडीगार्ड. नियम १२३ सांगतो की मोटारसायकलला मागच्या माणसासाठी धरायला जागा, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारी जाळी पाहिजे. शोरूममधून गाडी निघतानाच पोरं ती काढायला लावतात, ‘लूक जातो’ म्हणून. आमच्या नर्सताई सांगतात, पदर किंवा ओढणी चाकात जाऊन आलेल्या बाया त्यांनी किती बघितल्या. याच्यासाठी मोहीम झालेली मला आठवत नाही. त्याच ताई म्हणतात, बायकांच्या अंबाड्यावर नीट बसेल असं हेल्मेट गावात मिळत नाही, आणि मिळालं तर देवळात जाताना ठेवायचं कुठं? महाद्वार रोडला गाडी लावायला जागा नाही, हेल्मेट आरशाला अडकवून गेलं तर परत येईपर्यंत दुसऱ्याच्या डोक्यावर. हे छोटं वाटतं. सकाळी घरातून निघताना हेल्मेट घ्यायचं की नाही, हे असल्याच छोट्या गोष्टींवर ठरतं.

नव्या नंबरप्लेटचं फार लिहीत नाही, त्यावर सगळं लिहून झालंय. दुचाकीला ४५० आणि त्यावर कर, असे ५३१ रुपये मी पहिल्या मुदतीच्या आत भरले. मग मुदत वाढली. पुन्हा वाढली. पुन्हा पुन्हा वाढली. वेळेत भरणारा मूर्ख ठरतो असा कायदा राबवू नका, एवढंच. आणि चंदगड-आजऱ्याच्या शेतकऱ्याच्या जुन्या एम-८० ला प्लेट बसवायची तर शिबिर त्याच्या बाजारच्या दिवशी त्याच्या गावात लावा.

सोळा-सतरा वर्षांची पोरं. अकरावीचा क्लास सकाळी सहाचा. केएमटीची बस त्या वेळेला किती रस्त्यांवर आहे ते बघा. कायद्यानं सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी चालवता येते, पण तसली पेट्रोलची गाडी आता कुठल्या शोरूमला मिळते? मग पोरगं बापाची एकशेदहा सीसीची स्कूटर घेतं. सापडलं तर पालकाला २५ हजार दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. कलम १९९ ए. शिक्षा कडक आहे आणि ती असावी असं माझं मत आहे, गटातल्या निम्म्यांना ते पटत नाही. पण आधी सहाची बस द्या, मग पालकाला धरा.

आता खड्डे. पंचगंगेला राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे या गावात शाळेतलं पोरगंही सांगतं. पाणी किती वाढलं ते तासातासाला कळवता, आणि ते काम तुम्ही उत्तम करता, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर तर फारच. खड्ड्याला मात्र इशारा पातळी नाही. तो टायर फोडेपर्यंत खड्डाच नसतो. मग त्यात मुरूम पडतो, पाऊस आला की त्याचा चिखल, ऊन पडलं की सुटी खडी. चारचाकीचं चाक खडीवरून गेलं तर आवाज होतो. आमचं चाक गेलं तर आम्ही जातो.

मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलंय की खड्ड्यामुळं किंवा उघड्या मॅनहोलमुळं माणूस गेला तर वारसांना ६ लाख रुपये आणि जखमीला ५० हजार ते अडीच लाख भरपाई द्यायची, आणि ती दोषी ठेकेदाराकडून, अधिकाऱ्याकडून वसूल करायची. आता सर्किट बेंचही कोल्हापुरातच आहे, सीपीआरसमोर, १८ ऑगस्ट २०२५ पासून कामकाज सुरू आहे. चांगला रस्ता हा आमचा हक्क आहे हे सांगायला मुंबईची गाडी पकडावी लागत नाही. पण इथला माणूस पडला तर अर्ज कुणाकडं, कुठल्या खिडकीत, कुठल्या कागदांसह, हे सांगणारी पाटी मला एकाही कार्यालयात दिसली नाही. माझ्या पुतण्याचा ब्रेकर त्यात बसतो की नाही ते वकील सांगतील. त्याच्या डिपॉझिटचे चाळीस हजार मी त्या रात्री तिघांकडून उसने घेतले. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवस, दीड लाखापर्यंत विनारोख उपचाराची केंद्राची योजना आहे, हे मला नंतर महिन्यानं कळलं. दवाखान्याच्या खिडकीतल्या पोराला ते माहीत नव्हतं की सांगायचं नव्हतं, देव जाणे. टेम्पोवाल्या दादाला तर कलम १३४ ए चं संरक्षण होतं. मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्तीच करता येत नाही. ते त्याला कुणी सांगितलं असतं तर तो तरी असा पळाला नसता आणि मला त्याचे पाय धरता आले असते.

मागण्या सांगतो आणि थांबतो.

जिल्ह्यातला प्रत्येक स्पीडब्रेकर मोजा. मापाबाहेरचा असेल तो आठ दिवसांत रंगवा आणि दोन महिन्यांत काढा किंवा मापात आणा. मोजायला माणूस नसला तर आमचे चाळीस जण टेप घेऊन येतात, पगार नको, फक्त आमचा आकडा तुमच्या वहीत लिहा.

काट्यावरचा आदेश याच हंगामात काढा.

स्टॉप लाईन, झेब्रा पट्टे जिथं पुसलेत तिथं ते पुन्हा मारेपर्यंत त्या गुन्ह्याचं चलन थांबवा. पंधरा दिवसांनंतर पाठवलेली चलनं स्वतःहून मागं घ्या. माझे पाचशे परत नकोत.

बिनआयएसआय हेल्मेट विकणाऱ्यावर आणि फटाका सायलेन्सर विकणाऱ्यावर किती कारवाया झाल्या, तो आकडा दर महिन्याला आमच्या दंडाच्या आकड्याशेजारी छापा. शोरूमच्या दारात नियम १३८ ची पाटी लावायला सांगा, मराठीत.

प्रत्येक दवाखान्यात अपघात विभागाच्या खिडकीवर विनारोख योजनेची आणि मदत करणाऱ्याच्या हक्कांची पाटी. खड्ड्याच्या भरपाईचा अर्ज कुठं द्यायचा, त्याचीही.

आणि रस्ता सुरक्षेच्या बैठकीत रोज दुचाकीवर फिरणाऱ्या दोन माणसांना बसवा, त्यातली एक बाई असू दे. आम्ही फेरीत चालतो, फोटोत चालतो, तर बैठकीत का चालू नये? मला नका घेऊ, मी फार बोलतो. आमच्या नर्सताईंना घ्या.

या गावानं टोलविरोधी आंदोलनाच्या वेळी काय केलं ते तुम्हाला सांगायला नको. तेव्हा मीही त्या गर्दीत होतो. आज तसलं काही मनात नाही. कागदावर मिटत असेल तर कागदावर मिटवू, म्हणून हे पत्र.

माझ्या तीन अर्जांच्या आवक शिक्का असलेल्या प्रती दुकानात आहेत, टोपीच्या शेजारच्या खिळ्याला. मागवाल तेव्हा आणून देतो. सकाळी नऊ ते रात्री आठ असतो, सोमवारी सुट्टी. सोमवारीही यायचं असलं तर आधी कळवा, त्या दिवशी पुतण्याला फिजिओथेरपीला न्यावं लागतं.

आपला,
एक दुचाकीस्वार
उद्यमनगर, कोल्हापूर